अर्धं वापरलेलं रिटर्न तिकीट: किती पैसे परत मिळतात आणि ते कसे मागायचे

"जाताना वापरलं, येताना नाही, म्हणजे निम्मे पैसे परत" हा हिशेब मंडईत चालेल, विमानाच्या तिकिटात चालत नाही. आंतरराष्ट्रीय रिटर्न तिकीट म्हणजे दोन प्रवासांची बेरीज नसते. जाणं आणि येणं दोन्ही आमच्याकडूनच, या अटीवर कंपनीने दिलेला तो एकत्र दर असतो. अट मोडली की कंपनी मागे जाते, तुम्ही केलेल्या प्रवासाला एकेरी दर लावते आणि उरलं तर परत करते. एकेरी दर बहुतेक वेळा रिटर्नच्या निम्म्याहून बराच जास्त असतो, काही मार्गांवर तर पूर्ण रिटर्नपेक्षाही जास्त. म्हणून पंच्याहत्तर हजारांच्या तिकिटावर साडेसदतीस मिळतील या भरवशावर बसलेल्या माणसाच्या हातात बारा-पंधरा हजार पडतात आणि मग एजंटशी भांडण होतं.

पुण्यात हा प्रश्न सतत येतो. मुलीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला गेलेले आई-वडील, जर्मनीला शिकायला गेलेला मुलगा, हिंजवडीच्या कंपनीने तीन आठवड्यांसाठी पाठवलेला आणि तिकडेच ठेवून घेतलेला इंजिनिअर. सगळ्यांची तिकिटं रिटर्न आणि सगळ्यांची परतीची बाजू अधांतरी. मी तिकिटांच्या कामात असल्यामुळे या प्रश्नाची सगळी रूपं टेबलासमोर बसलेली पाहिली आहेत. पैसे किती मिळणार हे बरंचसं तिकीट काढतानाच ठरलेलं असतं. पण जे मिळू शकतं तेही लोक चुकीच्या क्रमाने वागून घालवतात, म्हणून हा लेख क्रमाने वाचा.

आधी तिकीट कसलं आहे ते ओळखा

देशांतर्गत प्रवास असेल तर काम सोपं आहे. पुणे–दिल्ली–पुणे असं तिकीट तुम्ही एकाच वेळी काढलं, पीएनआरही एकच आहे, तरी बहुतेक वेळा आतमध्ये ती दोन एकेरी भाडीच असतात. जाणं झालं, परतीचं नको, तर कंपनीच्या ॲपवर बुकिंग उघडा, फक्त परतीचा टप्पा निवडा आणि तेवढाच रद्द करा. रद्द करण्याचं शुल्क दर प्रवासी, दर टप्पा असं लागतं. चार जणांच्या बुकिंगमध्ये एकालाच थांबायचं असेल तर नाव निवडायचा पर्याय येतो. तो नीट बघून दाबा, नाहीतर चौघंही रद्द होतात. बटण दाबण्यापूर्वी परताव्याची रक्कम पडद्यावर दिसते, तिचा स्क्रीनशॉट घ्या.

आंतरराष्ट्रीय तिकिटात खुणेची जागा म्हणजे भाड्याचा तपशील. तिथे जाण्याचं भाडं वेगळं आणि येण्याचं वेगळं असं छापलेलं असलं, तरी लगेच खूश होऊ नका. पूर्ण सेवा देणाऱ्या कंपन्या बरेचदा रिटर्नचे दोन अर्धे भाग जोडून भाडं बनवतात, आणि तो अर्धा भाग दुसऱ्या बाजूचा प्रवास झाला तरच लागू असतो. खात्री करायची असेल तर त्याच मार्गाचं एकेरी तिकीट शोधून बघा. रिटर्नच्या निम्म्याच्या आसपास दर दिसला तर तुमचं नशीब बरं. दीडपट-दुप्पट दिसला तर पुढचा हिशेब कसा जाणार हे तुम्हाला आत्ताच कळलं.

आणखी एक प्रकार म्हणजे दोन वेगवेगळी एकेरी तिकिटं, दोन पीएनआर. तिथे 'अर्धं वापरलेलं' असं काही नसतंच. परतीचं तिकीट हे पूर्ण न वापरलेलं तिकीट आहे, त्याचे स्वतःचे नियम बघा आणि रद्द करा.

पहिलं काम: जागा सोडा, रिफंड नंतर मागा

लेखातली सगळ्यात जास्त पैशांची गोष्ट ही. बुकिंग आणि तिकीट या दोन वेगळ्या वस्तू आहेत. बुकिंग म्हणजे त्या तारखेच्या विमानात तुमच्या नावाने धरलेली जागा. तिकीट म्हणजे तुम्ही भरलेल्या पैशांची पावती, आणि तिच्यात प्रत्येक उड्डाणाचं एक कूपन असतं. वापरलेल्या कूपनसमोर सिस्टीममध्ये 'फ्लोन' किंवा 'युज्ड' दिसतं, न वापरलेल्यासमोर 'ओपन'.

परतीच्या विमानाने जायचं नाही हे नक्की झालं की विमान सुटण्याआधी ती जागा सोडा. एवढं केलं की तुम्ही 'नो-शो' होत नाही. कूपन उघडं राहतं, आणि रिफंड घ्यायचा की तारीख बदलायची हे ठरवायला वेळ मिळतो. न सांगता गैरहजर राहिलात तर नो-शोचा दंड वेगळा लागतो, आणि स्वस्त भाड्यांत नो-शो झाल्यावर भाड्याचा परतावा शून्य असं लिहिलेलं असतं. फरक फक्त एका मेलचा किंवा फोनचा असतो.

उलट बाजूची काळजीही घ्या. तुम्हाला तारीख बदलायची असेल तर घाईत 'कॅन्सल अँड रिफंड' दाबू नका. कूपन एकदा 'रिफंडेड' झालं की ते संपलं, त्यावर नवी तारीख देता येत नाही. एजंटला सांगताना शब्द नेमके ठेवा: "सीट सोडा, तिकीट उघडं ठेवा, रिफंड अजून टाकू नका."

वेळ मोजताना विमान जिथून सुटणार तिथलं घड्याळ धरायचं. सॅन फ्रान्सिस्कोहून रविवारी रात्री सुटणाऱ्या विमानाच्या वेळी पुण्यात सोमवारची सकाळ असते. आपण इथे रविवारी रात्री 'उद्या एजंटला सांगू' म्हणून झोपतो. तो अकराला शटर उघडतो, तोवर तिकडे गेट बंद होत आलेलं असतं. शनिवार-रविवार मध्ये येत असेल तर शुक्रवारीच काम उरका, किंवा कंपनीच्या चोवीस तासांच्या क्रमांकावर स्वतः फोन करा आणि फोननंतर मेल टाका.

भाड्याच्या नियमांत कोणता परिच्छेद वाचायचा

तिकिटासोबत 'फेअर रूल्स' नावाचा मजकूर येतो. सगळा मोठ्या अक्षरांत आणि तुटक वाक्यांत, म्हणून कोणी वाचत नाही. तुम्हाला त्यातला एकच भाग हवा: 'पेनल्टीज', क्रमांक १६. एजंटला "कॅटेगरी सोळा पाठवा" म्हणालात तर समोरचा जरा सरसावून बसतो.

या भागात दोन खंड असतात, 'बिफोर डिपार्चर' आणि 'आफ्टर डिपार्चर'. इथे डिपार्चर म्हणजे पहिलं उड्डाण. तुम्ही मुंबईहून निघालात त्या क्षणी पहिला खंड तुमच्यासाठी संपला. लोक वाचतात पहिला खंड: 'रद्द केल्यास अमुक हजार शुल्क'. त्यावर हिशेब मांडून बसतात. प्रत्यक्षात लागू होतो दुसरा, आणि तिथे बरेचदा लिहिलेलं असतं की अंशतः वापरलेलं तिकीट परत होणार नाही, किंवा वापरलेल्या प्रवासाचं भाडं वजा करून उरलेलं परत होईल. ही दोन वाक्यं म्हणजे दोन वेगळे निकाल आहेत. पहिल्यात भाडं गेलं, फक्त कर मागायचे. दुसऱ्यात पुढचा हिशेब करायचा.

जाण्याचं भाडं एका प्रकारचं आणि येण्याचं दुसऱ्या प्रकारचं असेल, म्हणजे जाताना स्वस्तातलं आणि येताना 'फ्लेक्स' (बदलायची-रद्द करायची जास्त मुभा असलेलं), तर सामान्यतः दोन्हींतला कडक नियम लागतो. 'येतानाचं फ्लेक्स घेतलंय' यावर विसंबू नका, विचारून घ्या.

हिशेब असा होतो

आकडे समजावण्यापुरते घेतो. मुंबई–लंडन–मुंबई, एकूण ७२,००० रुपये. त्यात मूळ भाडं ३८,०००, कंपनीचा अधिभार १४,०००, आणि कर व विमानतळ शुल्कं मिळून २०,०००. या वीस हजारांपैकी ६,००० जाण्याच्या बाजूचे, १४,००० परतीच्या बाजूचे. जीएसटीतली घटवाढ सोपेपणासाठी बाजूला ठेवू.

जाणं झालं. परतीचं नको. कंपनी बघते की तिकीट काढलं त्या दिवशी, त्याच बुकिंग क्लासमध्ये (म्हणजे भाड्याच्या त्याच गटात) किंवा तो एकेरीला उपलब्ध नसेल तर त्याच्या वरच्या क्लासमध्ये, मुंबई–लंडन एकेरी भाडं किती होतं. समजा मूळ २९,००० आणि अधिभार ७,०००, म्हणजे ३६,०००. तुम्ही भाडं आणि अधिभार मिळून भरले होते ५२,०००. त्यातून ३६,००० गेले, उरले १६,०००. रद्द करण्याचं शुल्क ९,००० गेलं, उरले ७,०००. त्यात न वापरलेल्या परतीचे १४,००० कर मिळवा. हातात २१,०००. निम्म्या हिशेबाने डोक्यात ३६,००० होते.

आता तेच तिकीट, फक्त एकेरी भाडं अधिभारासकट ५५,००० धरा. ५२,००० मधून ५५,००० वजा होत नाहीत. वरचे तीन हजार तुमच्याकडून मागत नाहीत, पण भाड्याचा परतावा शून्य झाला. उरले ते फक्त १४,००० कर. इथेच एजंट म्हणतो, "रिफंड निल आहे." हे वाक्य ऐकून फोन ठेवू नका. भाडं निल असेल, कर निल नसतात. "टॅक्स रिफंड किती?" हा प्रश्न वेगळा विचारावा लागतो. अर्ध्या ग्राहकांना तो सुचत नाही आणि काही एजंटांना लहान रकमेसाठी अर्ज भरायचा कंटाळा असतो, हेही खरं.

कोणते कर परत, कोणते गेले

तिकिटावर दोन अक्षरी कोडची एक ओळ असते. तीत दिसणारं सगळं सरकारी नसतं. वायक्यू आणि वायआर हे कंपनीचे स्वतःचे अधिभार. ते भाड्याच्या पंगतीत बसतात आणि भाड्याचेच नियम पाळतात. के3 म्हणजे आपला जीएसटी, तोही भाड्याशी बांधलेला. पी2 म्हणजे विमानतळ सुरक्षा शुल्क, आयएन म्हणजे विमानतळ वापर शुल्क. भारतात काही विमानतळांवर उतरतानाचंही वापर शुल्क लागतं. परत आलाच नाहीत तर ते परत मिळायला हवं.

बाहेरच्या देशांचे कर बघताना एकच प्रश्न विचारायचा: हा कर त्या देशात उतरताना लागतो की तिथून निघताना? ब्रिटनचा एअर पॅसेंजर ड्यूटी, कोड जीबी, निघताना लागतो. भारताकडे येणाऱ्या इकॉनॉमी प्रवाशाला २०२५-२६ या वर्षात तो ९० पौंड होता. म्हणजे लंडनहून परत निघालाच नाहीत तर एवढी एकच रक्कम दहा हजार रुपयांच्या पुढे जाते. इकॉनॉमीतल्या सोळा वर्षांखालच्या मुलांना हा कर नाही, तेव्हा मुलांच्या तिकिटावर तो परत मागायला जाऊ नका. जर्मनीचा हवाई वाहतूक करही निघतानाचाच.

अमेरिकेचं गणित थोडं उलटं आहे. वायसी, एक्सवाय आणि एक्सए ही कस्टम्स, इमिग्रेशन आणि शेतीमाल तपासणीची शुल्कं उतरताना लागतात. तुम्ही तिकडे उतरलात तेव्हाच ती खर्ची पडली. एवाय हे सुरक्षा शुल्क, एका बाजूला ५.६० डॉलर, आणि एक्सएफ हे विमानतळाचं शुल्क तिथून निघतानाचं. म्हणून लंडनच्या अर्ध्या तिकिटावर करांतून बऱ्यापैकी रक्कम निघते, न्यूयॉर्कच्या तिकिटावर तेवढी नाही. दोन शेजाऱ्यांनी आपापले परतावे ताडून बघितले की यावरून गैरसमज होतो.

भारतीय नियमाचा आधार इथे पक्का आहे. डीजीसीए म्हणजे आपल्या विमान वाहतुकीची सरकारी नियामक संस्था. तिच्या नागरी विमान वाहतूक आवश्यकतांमधल्या विभाग ३, मालिका एम, भाग २ मध्ये तिकीट परताव्याचे नियम आहेत. रद्द केलेल्या, न वापरलेल्या किंवा नो-शो झालेल्या तिकिटावरचे वैधानिक कर आणि विमानतळ शुल्कं परत करायची, मूळ भाडं नॉन-रिफंडेबल असलं तरी. रद्द करण्याचं शुल्क मूळ भाडं अधिक इंधन अधिभार यांच्या पलीकडे जाता कामा नये. परतावा देण्यासाठी वेगळं प्रक्रिया शुल्क लावायचं नाही. आणि पैसे 'क्रेडिट शेल'मध्ये, म्हणजे पुढच्या प्रवासासाठी कंपनीकडेच जमा, ठेवायचे की नाही हे प्रवाशाने ठरवायचं, कंपनीने परस्पर नाही. परदेशी कंपन्यांना मात्र त्याच नियमात त्यांच्या देशाच्या कायद्याप्रमाणे परतावा देण्याची मुभा आहे. तिथे तुमचा पहिला आधार म्हणजे भाड्याचे नियम.

रिफंडपेक्षा तारीख बदलणं परवडतं का, ते आधी बघा

मागे एका कोथरूडच्या काकूंचं तिकीट टेबलावर होतं. मुलीकडे सहा महिन्यांसाठी गेलेल्या, बाळाला सांभाळायला अजून दोन महिने हवेत. त्यांचा भाऊ इथे येऊन म्हणाला, "परतीचं रद्द करून टाका, पैसे घ्या, मग येतानाचं नवीन काढू." मी म्हटलं, "दादा, पाच मिनिटं बसा, तिन्ही आकडे समोर ठेवतो." रद्द केलं तर करांसकट हाती येत होते नऊ हजारांच्या घरात. तिकडून नवीन एकेरी तिकीट साठ हजारांच्या पुढे. तारीख बदलायची तर शुल्क आणि भाड्यातला फरक मिळून एकोणीस हजार. ते कागदाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "अहो, मग रद्द कशाला करायचं?" तेच मला म्हणायचं होतं.

असे तीन आकडे प्रत्येकाने काढावेत: आज रद्द केलं तर हातात किती, तारीख बदलली तर खर्च किती, नंतर नवं एकेरी काढलं तर किती. परत यायचंच असेल तर पहिला पर्याय क्वचितच जिंकतो. यायचंच नसेल तर दुसरा आणि तिसरा बाद.

तारीख बदलताना तिकिटाची मुदत बघा. सर्वसाधारण नियम प्रवास सुरू झाल्यापासून एक वर्षाचा, पण स्वस्त भाड्यांत मुक्कामाची कमाल मर्यादा तीन किंवा सहा महिने असते आणि तीच खरी मुदत. व्हिसाची, किंवा अमेरिकेत आय-९४ वर (तिथल्या प्रवेशाच्या सरकारी नोंदीवर) लिहिलेली तारीख त्याहून आधीची असेल तर ती बघा. तिकिटाने परवानगी दिली म्हणून त्या देशात राहता येत नाही.

पहिली बाजूच वापरली नाही तर

इथे चूक महागात पडते. कूपनं क्रमानेच वापरावी लागतात. पुणे–दिल्ली–लंडन–दिल्ली–पुणे असं एकच तिकीट आहे, तुम्ही कामासाठी आधीच दिल्लीत आहात, आणि पुणे–दिल्ली टप्पा सोडून थेट दिल्लीहून बसू असं ठरवलं, तर दिल्लीच्या काउंटरवर कळतं की पुढचं सगळं बुकिंग आपोआप रद्द झालंय. काही दिवस आधी कंपनीला सांगून तिकीट पुन्हा काढून घेता येतं, फरकाचे पैसे भरून. शेवटच्या दिवशी काउंटरवर विनंती करून सहसा काही होत नाही.

शिकायला जाणाऱ्या मुलांचे पालक कधी विचारतात, "एकेरी महाग आहे, रिटर्न स्वस्त आहे, रिटर्न काढून परतीचं टाकून दिलं तर?" बऱ्याच कंपन्यांच्या अटींत ही पद्धत निषिद्ध आहे, आणि काही कंपन्या फरकाची मागणी करण्याचा किंवा नियमित प्रवासी म्हणून जमलेले पॉइंट काढून घेण्याचा हक्क राखून ठेवतात. त्यापेक्षा विद्यार्थी भाडी विचारा. बऱ्याच कंपन्या जादा सामानासह ती देतात, आणि त्या सामानाचे पैसे धरले तर फरक बरेचदा भरून निघतो.

कंपनीनेच परतीचं विमान रद्द केलं तर सगळं बदलतं

वरचा सगळा हिशेब तुम्ही स्वतःहून रद्द केलं तरचा. कंपनीने उड्डाण रद्द केलं किंवा खूप पुढे ढकललं, तर एकेरी भाडं लावून कात्री मारणं मान्य करू नका आणि घाईने स्वतः 'कॅन्सल' दाबू नका. तुम्ही दाबलंत तर तो 'ऐच्छिक' परतावा होतो आणि शुल्क लागतं. कंपनीच्या संदेशातल्या लिंकवरून, किंवा लेखी मागून, 'इनव्हॉलंटरी रिफंड' (कंपनीमुळे घ्यावा लागलेला परतावा) हा शब्द वापरा.

भारतात यासाठी डीजीसीएच्या त्याच मालिका एमचा भाग ४ आहे. उड्डाण रद्द झालं तर पर्यायी विमान किंवा परतावा, निवड प्रवाशाची. देशांतर्गत उड्डाणाला सहा तासांपेक्षा जास्त उशीर होणार असेल तरी पर्यायी विमान किंवा परतावा मागता येतो. वेळेत कळवलं नाही तर उड्डाणाच्या कालावधीनुसार ५,०००, ७,५०० किंवा १०,००० रुपयांपर्यंत भरपाई, किंवा मूळ भाडं अधिक इंधन अधिभार, जे कमी असेल ते. हवामान, संप, हवाई वाहतूक नियंत्रण अशा कारणांत भरपाई मिळत नाही, परतावा मात्र मिळतो.

युरोपीय संघातून सुटणारं कोणतंही विमान, किंवा युरोपीय कंपनीचं तिकडे जाणारं विमान असेल तर त्यांचा नियम २६१/२००४ लागतो. तो अर्ध्या वापरलेल्या तिकिटाबाबत फार स्पष्ट आहे: न झालेल्या भागाचे पैसे सात दिवसांत, आणि झालेल्या भागाचा आता काही उपयोग उरला नसेल तर त्याचेही. अमेरिकेत जाणाऱ्या-येणाऱ्या उड्डाणांसाठी तिथल्या वाहतूक खात्याने २०२४ मध्ये केलेला नियम आहे. आंतरराष्ट्रीय उड्डाण सहा तास किंवा जास्त सरकलं आणि तुम्ही पर्याय नाकारला, तर न वापरलेल्या भागाचा परतावा, क्रेडिट कार्डवर सात कामाच्या दिवसांत. सीट, सामान, वायफाय यांसाठी दिलेले आणि मिळालेच नाहीत असे पैसेही परत मागता येतात. तुम्ही स्वतः रद्द केलं असेल तर हे जादाचे पैसे सहसा बुडतात.

अर्ज कसा करायचा

थेट कंपनीकडून काढलेलं तिकीट असेल तर संकेतस्थळावरचा रिफंड अर्ज भरा. अंशतः वापरलेल्या तिकिटाला आपोआप परतावा बहुतेक ठिकाणी चालत नाही. माणूस बसून हिशेब करतो, म्हणून उशीर लागतो. पोर्टलवरून किंवा एजंटकडून काढलं असेल तर त्यांच्यामार्फतच जावं लागतं, कारण पैसे त्यांच्या खात्यातून गेलेले असतात. एजंट बीएसपीलिंक नावाच्या प्रणालीत 'रिफंड ॲप्लिकेशन' टाकतो आणि कंपनीचा रिफंड विभाग ती मंजूर करतो. त्या अर्जाला क्रमांक असतो. तो मागा. क्रमांक देता येत नसेल तर अर्ज अजून टाकलेला नाही, हे समजून घ्या. 'कंपनीकडून आलंच नाही' या उत्तराला पुढे हाच क्रमांक कामी येतो. एजंटचं सेवाशुल्क आणि पोर्टलचं कन्व्हीनियन्स शुल्क मात्र परत येत नाही, ते धरून चाला.

मेल इंग्रजीत, थोडक्यात. तिकिटावर छापलंय तसं नाव, सहा अक्षरी पीएनआर, आणि प्रत्येक प्रवाशाचा तेरा अंकी तिकीट क्रमांक. त्यातले पहिले तीन अंक कंपनीचे असतात: ०९८ एअर इंडिया, १७६ एमिरेट्स, २२० लुफ्थान्सा. कोणतं कूपन वापरलं, कोणतं नाही, जागा कधी सोडली आणि त्याचा पुरावा. मग चार आकडे मागा: भरलेलं भाडं, वापरलेल्या बाजूसाठी वजा केलेलं एकेरी भाडं व त्याचा बुकिंग क्लास, दंड, आणि परत होणाऱ्या करांची कोडनुसार यादी. चौथा आकडा मागितला की 'निल' उत्तर येणं अवघड होतं. एकेरी भाडं वरच्या क्लासचं लावलं असेल तर कारण विचारा. हिशेबात चूक निघाली तर बहुधा ती इथेच निघते.

आजारपण किंवा घरातला मृत्यू हे कारण असेल तर ते पहिल्याच मेलमध्ये, कागदपत्रांसह सांगा. बऱ्याच कंपन्या अशा वेळी दंड माफ करतात. पण आधी साधा परतावा घेऊन मोकळं झाल्यावर प्रकरण पुन्हा उघडायला कोणी उत्सुक नसतं. प्रवास विम्यात प्रवास अर्धवट सोडण्याचं कव्हर असेल तर कंपनीकडून 'इतकंच परत होतं, बाकी नाही' असं पत्र घेऊन ठेवा. विमावाला तेच मागतो. ऑफिसच्या जीएसटी क्रमांकावर तिकीट काढलं असेल तर क्रेडिट नोटही मागा, नाहीतर अकाउंट्सवाले मार्चमध्ये तुम्हाला शोधत येतात.

पैसे मूळ मार्गानेच परत येतात. मुलाच्या अमेरिकन कार्डावरून तिकीट काढलं असेल तर पैसे तिकडेच जाणार, वडिलांच्या बँक ऑफ महाराष्ट्रच्या खात्यात नाही. कार्ड मधल्या काळात बंद झालं असेल तर अर्जासोबतच कळवा.

पैसे येईनात तर

डीजीसीएच्या नियमात क्रेडिट कार्डाने थेट काढलेल्या तिकिटाला सात दिवसांची मुदत आहे. एजंट किंवा पोर्टलमार्फतच्या तिकिटाला ३० कामाचे दिवस होते, नोव्हेंबर २०२५ मध्ये ही मुदत २१ कामाच्या दिवसांवर आणणारा मसुदा निघाला. तक्रार लिहिण्याच्या दिवशी संकेतस्थळावरची चालू आवृत्ती उघडून त्यातलाच आकडा लिहा. एजंटकडून घेतलं तरी परताव्याची जबाबदारी विमान कंपनीची, कारण एजंट तिचाच प्रतिनिधी, हेही त्याच नियमात आहे. "आमच्याकडे नाही, त्यांच्याकडे विचारा" हा खेळ सुरू झाला की ते वाक्य दोघांनाही एकाच मेलमध्ये पाठवा.

पुढची पायरी कंपनीचा नोडल अधिकारी (तक्रारींसाठी नेमलेला माणूस), मग अपील प्राधिकारी. दोन्हींची नावं-पत्ते संकेतस्थळावर असतात, बरेचदा अगदी तळाशी. त्यानंतर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाचं एअरसेवा पोर्टल आणि ग्राहक हेल्पलाइन १९१५. एअरसेवावर तक्रार टाकताना आधीच्या मेलची पीडीएफ जोडली तर काम हलतं. नुसतं 'पैसे मिळाले नाहीत' लिहिलं तर साचेबंद उत्तर येतं आणि तक्रार बंद होते.

एवढ्यानेही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. अखिल भारतीय ग्राहक पंचायत याच पुण्यात १९७४ साली सुरू झाली, तेव्हा इथल्या माणसाला ग्राहक म्हणून भांडायला वेगळं शिकवायची गरज नसावी. २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, कंपनीचं मुख्यालय गुरुग्रामला असो की दुबईला. पाच लाखांपर्यंत दिलेल्या मोबदल्याच्या प्रकरणाला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन दाखल होते. मुदत दोन वर्षांची. सोबत लागतात तिकीट, फेअर रूल्सचा 'आफ्टर डिपार्चर' खंड, जागा सोडल्याचा पुरावा, बीएसपीलिंकचा अर्ज क्रमांक आणि त्या चार आकड्यांचं उत्तर. उत्तर आलंच नसेल तर ते मागितल्याची मेल.